नळी लावून ऐकलेला गुडघा

डॉक्टरांकडे जायच्या सकाळी मी डाव्या गुडघ्याला करडईचं तेल चोपडून गेलो. उठताबसता तो करकरायचा. तपासताना गप्प राहिला तर निकाल आपल्या बाजूनं लागेल, असा माझा व्यापारी हिशेब. धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासायची नळी गुडघ्यावर टेकवली आणि ती सर्रकन घसरून पोटरीवर गेली.

"क्या सेठ, बैलगाडी समझे क्या?" हैदराबादेकडचे डॉक्टर नळी पुसत म्हणाले. "आवाज अंदर है, तेल बाहर लगाए तुम."

गुडघा धुऊन पुन्हा तपासणी. पाय दुमडा, सरळ करा. आधी उजवा, मग डावा. शेवटी ते म्हणाले, "ऑस्टिओआर्थ्रायटिस." मग मोडक्या मराठीत समजावलं: म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण झिजणं. त्या करकरीला ते क्रेपिटस म्हणाले. एक्स-रे काढायचा तर हैदराबाद गाठावं लागलं असतं. महायुद्धाचे दिवस, पेट्रोल मिळेना म्हणून कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं मुरूमहून धाराशिवला पोचतानाच मी अर्धा झालो होतो. तेव्हा नळीवरच भागवलं.

मुरूमला आमचं धान्याचं दुकान. माझा जन्म गादीवर मांडी घालण्यात गेला. आदल्या दिवाळीपासून गुडघा सुजायला लागला, मांडी बसेना. पाय पसरून बसलो, तर तळवा थेट गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर. एक म्हातारबुवा चिडले, "सावकार, ज्वारी द्यायची न्हाय तर तोंडानं सांगा की!"

धाकट्या भावानं मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. तिथं माझ्याकडं कुणी भाव विचारायला येईना.

पंगतीतही तेच. पाय भावाच्या ताटाला लागला आणि माझं ताट बाहेर सोप्यात, बाजेवर आलं. आत भाऊ नि पोरं काहीतरी बोलून हसायची. मी बाहेरून विचारायचो, "काय झालं रे?" कुणाला ऐकू जायचं नाही. दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटायची. मग मी उगाच ठसका लागल्यासारखं करायचो. कुणीतरी पाणी आणून ठेवायचं आणि परत आत जायचं.

म्हणून डॉक्टरांना मी एकच विचारलं, "मांडी कधी घालता येईल?"

त्यांनी नळी माझ्याच कानात घातली, दुसरं टोक आळीपाळीनं दोन्ही गुडघ्यांवर टेकवून पाय हलवायला लावला. दवाखान्यातला गलबला एकदम दूर गेला. उजवा गुडघा जवळजवळ मुका. डावा मात्र जात्यात खडा सापडावा तसा कर्रर्र वाजत होता. इतका आवाज आपल्या अंगात, आणि तो ऐकणारे आपण एकटेच! मी नळी काढली, तेव्हा डॉक्टर माझ्याकडं बघतच होते.

"मांडी आता नाही," ते म्हणाले. "उकिडवं बसणं पण नाही. चालणं सोडू नका. सूज आली तर आराम."

ज्यांचे गुडघे वाजतात त्यांना माझं सांगणं एवढंच: नुसत्या आवाजाला घाबरू नका, डॉक्टर म्हणाले, पुष्कळांचे वाजतात. दुखत असेल, सूज येत असेल तर मात्र माझ्यासारखं लपवू नका. काठी घ्यायला लाजू नका. मी लाजलो, आणि बाजारात दोनदा पडलो.

घरी आलो तेव्हा बायको चुलीपाशी भाकरी थापत होती. ती पलीकडच्या कन्नड मुलखातली, मला 'अहो'च्या जागी 'री' म्हणते. दारातूनच तिला सांगितलं, "पंगत सुटली माझी कायमची. आता जन्मभर एकट्यानं जेवायचं."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"लगीन होऊन आले तवापासून मी समद्यांच्या मागनं एकटीच जेवतीय, री," ती म्हणाली. "उद्यापासनं तुमीबी थांबा. तुमी बाजेवर, मी खाली. पर जेवताना गुडघ्याचं काढायचं न्हाय."