छपरांवरची घाई

जोसेफ वाडीच्या फाटकातून आत आला तेव्हा मी केळीची सुकलेली पानं कापत होते. जोसेफ पापडी गावचा, माझी नणंद शरयू हिचा कामातला जोडीदार. एरवी त्याची मोटारसायकल थेट विहिरीपर्यंत येते आणि तो तिथूनच हाक मारतो. त्या दिवशी गाडी बाहेर रस्त्यावरच टाकून तो चालत आला. "वहिनी, दादा कुठे आहेत?" त्याने विचारलं. दादा म्हणजे माझे यजमान, शरयूचे थोरले भाऊ. ते बाजारात गेले होते. मी तसं सांगितलं, तरी तो तिथेच उभा. त्याच्या शर्टाला सिमेंटच्या पत्र्याची राखाडी धूळ लागली होती. मग म्हणाला, "ताई पडल्या... शेडच्या छपरावरून." मी कोयता खाली ठेवला आणि विचारलं, कुठल्या हॉस्पिटलात नेलंय? जोसेफ नुसती मान हलवत राहिला. तेव्हा मला कळलं.

आता काही आठवडे उलटलेत. येणारे-जाणारे कमी झालेत. घरात तिच्याबद्दल बोलणं सुरू झालं की आम्ही दोघंही कुठल्यातरी कामाला लागतो. म्हणून हे लिहायला बसले.

मी लग्न होऊन वसईजवळच्या या गिरीज गावात आले तेव्हा शरयू शाळेत होती. दोन वेण्या, गुडघ्यावर कायम खरचटलेलं, आणि प्रश्न विचारून समोरच्याला दमवण्याची सवय. तेव्हा वाडीच्या पंपाला वीज कधी यायची, कधी यायची नाही. सासरे पाटाशी पाण्याची वाट बघत बसायचे आणि ही त्यांच्या बाजूला बसून कुरकुरायची, "बाबा, एवढं ऊन फुकट पडतंय आणि आपण लाइटची वाट बघतोय!" पुढे ती इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाली, अंधेरीच्या एका सल्लागार कंपनीत लागली. तिचं काम काय, हे नातेवाइकांना समजावताना आमची तारांबळ उडायची. देशात सौरऊर्जेचा बाजार किती वाढेल, कुठल्या राज्यात वाढेल, पॅनेल कितपत स्वस्त होतील, याचे अंदाज ती पैसे गुंतवणाऱ्यांसाठी करायची. सासऱ्यांनी यावर सोपा तोडगा काढला होता. कोणी विचारलं की सांगायचे, "आमची शरू ऊन मोजते."

सुरुवातीला तिचे अंदाज ऐकून लोक हसायचे. एवढं कुठे होतंय, म्हणायचे. मग चित्र उलटलं. ती जे मांडायची त्याच्याही पुढे देश निघून जायचा. दरवर्षी अहवाल बाहेर पडला की घरी पेढे घेऊन यायची आणि दारातूनच ओरडायची, "वहिनी, परत चुकले! परत कमी सांगितलं मी!" चुकल्याचे पेढे वाटणारी माणसं मी तरी दुसरी पाहिली नाहीत. तिचा आनंद खरा होता. कोळशाचा धूर, गावागावातला अंधार, हे सगळं आपल्या हयातीत मागे पडणार, असं तिला मनापासून वाटायचं.

मग एकदा ती राजस्थानातून परतली ती गप्पगप्प. वाळवंटात नजर पोचणार नाही एवढी पॅनेलं पसरलेली पाहून आली होती. मी म्हटलं, अगं, तुला तर नाचायला हवं. जेवता जेवता म्हणाली, "भर दुपारी त्यातला मोठा भाग बंद ठेवला होता, वहिनी. ऊन आहे, पॅनेल आहेत, पण वीज न्यायला तारा अजून उभ्या राहायच्यात. आणि संध्याकाळी, लोकांना वीज हवी तेव्हा, सूर्य गेलेला. साठवायची सोय नाही." मग म्हणाली, "किती लावलं एवढंच मोजतात गं सगळे. मीसुद्धा." त्या वर्षीच्या अहवालात तिने हे सगळं सुरुवातीलाच मांडलं. कोण उभारतंय, किती घाईत उभारतंय, दहा वर्षांनी त्याची काय अवस्था असेल, हेही. वरिष्ठांना ते पटलं नाही असं नाही, पण अहवाल विकायचा होता. तिची पानं शेवटाकडे सरकली, मग बारीक अक्षरात गेली. पुढच्या वर्षी तिने नोकरी सोडली. म्हणाली, देशाचं मोठं चित्र बघून झालं, आता आपल्या गावातलं एकेक छप्पर नीट करते.

चाळिशी ओलांडलेली बाई शिड्या चढणार म्हणून दादांनी खूप कटकट केली. लग्न तिने केलं नव्हतं, त्यामुळे तिच्यावर ओरडायचा हक्क आपल्या एकट्याचाच, असं ते समजायचे. तिने मनावर घेतलं नाही. जोसेफ आधीपासून वायरिंगची कामं करायचा, त्याला सोबत घेतलं आणि ओटीवर टेबल टाकलं. पहिली काही वर्षं लोकांना समजावण्यातच गेली. जूचंद्र गावचे मोरेश्वरकाका तिच्याकडे पहिल्यांदा आले ते "पानी तापवायचा बंब" घ्यायला. काकांची भाताची जमीन इमारतींखाली गेली होती आणि ते त्यातल्याच एका सोसायटीचे अध्यक्ष झाले होते. शरयूने त्यांना बसवून घेतलं, चहा दिला, वीज कशी तयार होते ते सांगितलं. काका शेवटी म्हणाले, "म्हंजे सूर्य आमचाच, नि मीटर बी आमचाच?" ती इतकी हसली की काकाही हसायला लागले.

नंतर घरगुती छपरांसाठी सरकारी योजना आली, अनुदान आलं आणि बाजार उसळला. केबलवाले, इन्व्हर्टरवाले, खिडक्या बसवणारे, ज्याच्याकडे टेम्पो आणि ड्रिल तो सोलरवाला. नायगावपासून विरारपर्यंत खांबाखांबावर पाट्या लागल्या. तिने एकेकाळी कागदावर मांडलेली वाढ आता आमच्या दारासमोरून टेम्पोत भरून चालली होती. तिला आनंद व्हायचा, आणि भीतीही वाटायची. टेम्पोतलं लोखंड बघूनच ती सांगायची, "हे दोन पावसाळे काढणार नाही." आमच्याकडे समुद्रावरून खारा वारा येतो. गेटच्या बिजागऱ्या गंजतात, तिथे पातळ पत्र्याच्या सांगाड्याचं काय होणार? "पॅनेल म्हणजे शीड आहे, वहिनी," ती म्हणायची. "आपले कोळी होडीला शीड बांधतात तेव्हा किती वेळ लावतात बघ. आणि हे लोक सातव्या मजल्यावर शीड उभं करून जेवायच्या आत खाली उतरतात."

मोरेश्वरकाकांच्या सोसायटीने काम तिला दिलं नाही. काकांचा आग्रह होता, पण कमिटीला दुसऱ्याचं स्वस्त पडत होतं. काम झाल्यावर काकांनीच तिला बघायला बोलावलं. सगळा सांगाडा गच्चीवर नुसत्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलेला, कुठेही पक्का बांधलेला नाही. तिने कमिटीला तसं सांगितलं. त्यावर एक सभासद म्हणाले, "मॅडम, काम मिळालं नाही की असं वाटतंच." ती जिना उतरून निघाली. घरी येऊन बराच वेळ ओटीवर बसून राहिली. चहा गार झाला.

एका वर्षी मे महिन्यात वादळाचा इशारा आला. दुपारी आभाळ पिवळट झालं, नारळी एका बाजूला वाकायला लागल्या. शरयू जेवण अर्धं टाकून उठली आणि जोसेफला घेऊन जूचंद्रला गेली. पुढचं मला काकांनी सांगितलं. इमारतीच्या पायथ्याशी मुलांची खेळायची जागा आहे. सुट्टीचे दिवस, वारं सुटलंय म्हणून पोरं उलट जास्तच खुशीत. ही गेटमधून आत शिरली ती ओरडतच. वॉचमन तिला अडवायला लागला. तेवढ्यात काका खाली आले आणि त्यांनी गावच्या आवाजात हाळी दिली, "पोरांना आत घ्या! खाली कोन पन थांबू नका! मी सांगतंय ना, आत चला!" बायका बडबडत आल्या, पोरांना ओढत घेऊन गेल्या. मग ती सगळी जिन्याच्या दाराशी गर्दी करून बाहेर बघत उभी राहिली. पहिलं पॅनेल कागदासारखं तरंगत आलं, म्हणे. घसरगुंडीवर आडवं आदळलं आणि घसरगुंडी मधोमध मोडली. त्यामागून दुसरं, मग आख्खा सांगाडा कठड्यावर लटकला.

कोणाला खरचटलंही नाही. काका त्या आठवड्यात घरच्या झाडाचे आंबे घेऊन आले, बोलता बोलता त्यांचे डोळे भरले. मला वाटलं, आता तरी लोक तिचं ऐकतील. सोसायटीने नवी घसरगुंडी बसवली. पॅनेलंही परत चढली... त्याच माणसाकडून, त्याच ठोकळ्यांवर, फक्त ठोकळे थोडे वाढवून. काकांनी अध्यक्षपद सोडलं. शरयूला हे कळलं तेव्हा ती भाजी निवडत माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, "कोणी मेलं नाही ना, म्हणून."

त्यानंतर ती बदलली. जोराचं वारं सुटलं की ती अंगणात जाऊन उभी राहायची. रस्त्याने जाताना मान वर. अमुक इमारतीचा कोपरा सुटलाय, तमुक ठिकाणी वायर उन्हात उघडी आहे, आग लागेल. ओळख ना पाळख, ती सरळ वर जाऊन सांगायची. काही जण ऐकायचे, बरेच जण हाकलायचे. दादा एकदा चिडले, "गावाचा ठेका तू घेतलायस का?" त्यावर ती शांतपणे म्हणाली, "दादा, मी वसई-विरारची छपरं बघते आणि देशाचा अंदाज बांधते. जुनी सवय. हा अंदाज तरी चुकू दे." तिला बाजार थांबायला नको होता. उलट, असे अपघात व्हायला लागले तर लोक सौरऊर्जेलाच नावं ठेवतील आणि सगळं मागे जाईल, याची तिला धास्ती होती. "अजून सगळं नवीन आहे गं," ती म्हणायची. "आत्ता काहीच दिसणार नाही. सगळ्यांचं एकदमच जुनं होईल तेव्हा बघ."

ती गेली तो दिवस तसा साधाच. वसई पूर्वेला कारखान्यांच्या शेडा आहेत, त्यातल्या एकीवर पॅनेल बसवायची होती. अशा छपरांवर सिमेंटच्या पत्र्यांच्या मधेमधे उजेडासाठी प्लॅस्टिकचे पत्रे असतात. त्यावर पाय पडला की माणूस सरळ खाली जातो. म्हणून शरयू आधी शेडच्या आत जाऊन वर बघायची, उजेड कुठून येतो ते लक्षात ठेवायची आणि मगच चढायची. या मालकाने आत गारवा राहावा म्हणून खोटं छत घातलं होतं, आतून काही दिसत नव्हतं. वरून त्याने सगळ्या छपराला एकच पांढरा रंग दिला होता. प्लॅस्टिकलासुद्धा. तिने विचारलं होतं, मधे प्लॅस्टिकचे पत्रे आहेत का? मालक म्हणाला, नाहीत. त्याला खरंच माहीत नव्हतं, असं जोसेफ म्हणतो. शेड त्याने दुसऱ्याकडून घेतलेली. सुरक्षेचा पट्टा तिच्या कमरेला होता. पण पट्टा अडकवायचा दोर आधी वर कोणीतरी जाऊन बांधावा लागतो, आणि ते काम ती दुसऱ्या कोणाला करू द्यायची नाही. जोसेफ शिडी धरून उभा होता. त्याने आवाज ऐकला, आणि वर पाहिलं तर छप्पर मोकळं.

त्या शेडवर आता पॅनेल बसलीत. दुसऱ्या कोणीतरी बसवली. जोसेफने ते काम घेतलं नाही, आता त्या रस्त्यानेही तो जात नाही.

माडीवरची तिची खोली मी झाडून ठेवते, बाकी कशाला हात लावलेला नाही. खिडकीशी टेबल आहे, त्यावर तिचा चष्मा, आणि चार्जिंगला लावलेला तिचा फोन. तो बंद करायचा होता, पण जोसेफ म्हणाला, जुनी गिऱ्हाइकं अडचणीला याच नंबरावर फोन करतात, राहू दे. म्हणून वाजला की मी वर जाऊन घेते. बहुतेकांना बातमी कळलेली असते. काहींना नसते.

परवा दुपारी असाच वाजला. अनोळखी गृहस्थ, आवाज घाईतला. "मॅडम, आमच्या शेडवर सोलर करायचंय, पावसाच्या आधी होईल ना?" मी कोण ते सांगायच्या आधी माझ्या तोंडून निघून गेलं, "छपराला रंग दिलाय का?" ते एकदम खूश झाले. "हो, हो! आत्ताच दिला. असं एकसारखं केलंय की वरून कुठे काही वेगळं दिसणारच नाही."

मी खाटेवर बसले. शरयू गेली ते सांगितलं, कशी गेली तेही सांगितलं. ते अरेरे म्हणाले. मग म्हणाले, "दुसरे एक जण आलेत, त्यांची माणसं शिडी लावतायत. त्यांना सांगतो सांभाळून चढायला," आणि फोन ठेवला. शेड कुठली, नाव काय, काही विचारायला त्यांनी वेळच दिला नाही. मी तो नंबर परत लावला. परत लावला. नुसती रिंग जात राहिली. खाली ओटीवर जोसेफ आला होता, त्याला हाक मारली, तो धावत वर आला. मी लावत होते आणि तो दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. पलीकडे कोणी उचलत नव्हतं.