छत्तिसावा फोटो घरचा

उजवा हात खांद्याइतका वर, पंजा समोरच्याकडे, आणि एकच वाक्य: "थांब. उजेड येऊ दे."

सिंगापूरच्या बिशान भागातल्या आमच्या ब्लॉकमधल्या सगळ्यांनी हे वाक्य ऐकलेलं आहे. लिफ्टचं दार बंद होत असताना, ऑफिसला उशीर झालेला असताना, हातात कचऱ्याची पिशवी असताना. काका गळ्यात तो जुना, विटेइतका जड कॅमेरा अडकवून कॉरिडॉरमध्ये उभे असायचे आणि माणसाला जागच्या जागी थांबवायचे. उजेड म्हणजे काय यायचा असतो, हे मला अनेक वर्षं कळलं नाही. सिंगापूरला सकाळी सात ते संध्याकाळी सात उजेडाशिवाय असतं काय?

काका आमच्याच मजल्यावर, तीन दारं सोडून राहायचे. तांजोंग पगारच्या एका विमा कंपनीतून निवृत्त झालेले, मूळचे पुण्याचे. लहान बांध्याचे, शर्ट नेहमी इस्त्रीचा. एरवी माणूस इतका अबोल, की सोसायटीच्या गणपतीत प्रसाद वाटतानाही "घ्या" एवढंच म्हणायचे. मात्र दरवर्षी एप्रिल उजाडला की त्यांना कंठ फुटायचा.

कारण एप्रिलच्या अखेरीस ते ॲमस्टरडॅमला जायचे. दरवर्षी, आठवडाभर, एकटेच. तरुणपणी कंपनीने त्यांना दोन वर्षं तिथे पाठवलं होतं. पहिल्याच थंडीत ते इतके कंटाळले, की राजीनामा लिहून खिशात घेऊन फिरत होते. मग एका सकाळी कालव्याकाठच्या एल्मच्या झाडांवरून बिया गळायला लागल्या. पातळ, गोल, कागदासारख्या. पाणी, होड्या, सायकलींची सीटं, सगळं त्यांनी भरून गेलं. काका म्हणायचे, "कोणीतरी वरून पातळ पोहे सांडावेत ना, तसं." राजीनामा खिशातच राहिला. पुढे सिंगापूरला आले, इथलेच झाले, पण इथे वर्षभर एकच महिना असतो अशी त्यांची तक्रार होती. म्हणून मग ते दरवर्षी पोहे बघायला जायचे.

काकू एकदाच बरोबर गेल्या. "बघितलं की एकदा," त्या म्हणाल्या. "पाणी ते पाणी. वर गारठा."

फोटो काढायची त्यांची पद्धत ऐकाल तर तुम्हीही कपाळावर हात माराल. फिल्मचा एक रोल, छत्तीस फोटो, बस. दुसरा रोल न्यायचा नाही. आठवडाभर त्याच पाच-सहा पुलांवरून फिरायचं आणि दिवसाला पाच-सहा फोटो काढायचे. प्रत्येक फोटोची खिशातल्या वहीत नोंद: आकडा, जागा, वेळ, उजेड कसा होता. आणि पस्तीस झाले की थांबायचं. छत्तिसावा घरचा. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कॉरिडॉरमध्ये जो कोणी पहिला भेटेल, त्याचा.

बहुतेक वेळा ती मी असायची. माझ्या फ्रिजवर असे सहा छत्तिसावे चिकटवलेले आहेत. एकात माझे केस ओले, एकात माझ्या तोंडात केसाची पिन, एकात लेकीला मी ओढत नेते आहे आणि ती जायला तयार नाही.

फोटो धुऊन आले की काकूंचे साबुदाणा वडे आणि डायनिंग टेबलावर पस्तीस फोटोंचं प्रदर्शन. आम्ही तीन-चार मराठी घरं जमायचो, ती वड्यांसाठी, हे आता कबूल करायला हरकत नाही. माझी लेक सहा वर्षांची असताना टेबलाकडे बघून, वाक्याच्या शेवटी इथला तो सिंगापुरी 'लाह' जोडत म्हणाली होती, "आजोबा, सगळे सेम-सेम आहेत लाह." काकांनी तिला उचलून खुर्चीवर उभं केलं आणि दाखवलं, या होडीच्या खिडकीचा पडदा गेल्या वर्षी निळा होता, या वर्षी पिवळा आहे. ती म्हणाली, मग काय झालं? काका म्हणाले, तेच शोधायला जातो.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास बंद केला, या वर्षापुरता नव्हे, कायमचा. काकांनी ते ऐकून घेतलं. पण मार्चमध्ये त्यांनी कॅमेरा पुसायला काढला नाही, तेव्हा काकू माझ्याकडे येऊन बसल्या आणि पदराला डोळे पुसायला लागल्या. काकूंना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आणि नेमकं त्याच एप्रिलमध्ये माझ्या चांगी बिझनेस पार्कच्या ऑफिसने मला आठवडाभराच्या ट्रेनिंगला पाठवलं. कुठे, ते तुम्ही ओळखलं असेल.

मी सांगायला गेले तर काका आत गेले आणि कॅमेरा, एक रोल आणि ती वही घेऊन बाहेर आले. वही मी घेतली नाही, म्हटलं, माझ्या लक्षात राहील. त्यांनी दोन संध्याकाळी मला शिकवलं. छत्तीसच. घाई करायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विमानतळावरच्या यंत्रातून फिल्म जाऊ द्यायची नाही. नव्या यंत्रांनी ती खराब होते. पारदर्शक पिशवीत ठेवायची आणि हातानेच तपासा, असं सांगायचं. इंग्रजीत तशी चिठ्ठीसुद्धा त्यांनी लिहून दिली.

"मागायला लाजू नकोस," ते म्हणाले. "मला एवढा एक वसंत बघू दे."

ट्रेनिंगच्या आधी, सकाळी साडेसहाला मी पुलावर असायची. मी फोनवर एका वाढदिवसाचे दोनशे फोटो काढणारी बाई. पहिल्या दिवशी तीनच काढले, कारण प्रत्येक वेळी बोट दाबायच्या आधी वाटायचं, हा वाया तर जाणार नाही ना? मग नुसती बघत उभी राहायची. पाचव्या दिवशी वारा सुटला आणि पोहे सांडायला लागले. मी पुलाच्या कठड्याला टेकून चक्क रडले. बिया माझ्या कॉफीत पडल्या.

आता माझा पराक्रम ऐका. जाताना चांगी विमानतळावर रांग नव्हती, चिठ्ठी दाखवली, काम झालं. परतताना मात्र माझ्यामागे ही लांबलचक रांग, सगळे घाईत, आणि तपासणारा अधिकारी दाढदुखी झाल्यासारखा. माझा स्वभाव भिडस्त. चिठ्ठी पर्समधून निघेचना. तेवढ्यात माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. एक्स-रे काढताना आपल्याला शिशाचा एप्रन घालतात, म्हणजे धातू किरणं अडवतो. आणि माझ्याकडे काय होतं? चिवड्याचा रिकामा स्टीलचा डबा, घट्ट झाकणाचा. मी कॅमेरा त्यात ठेवला, झाकण लावलं आणि डबा पट्ट्यावर सोडून दिला.

यंत्राला डब्याच्या आतलं नीट दिसेना. अधिकाऱ्याने डबा मागे घेऊन पुन्हा पाठवला. मग तिसऱ्यांदा. शेवटी डबा उघडला, कॅमेरा बाहेर काढला आणि हातानेच तपासला.

घरी आले तो शनिवार होता. रविवारी सकाळी काका दारातच उभे. कॅमेरा दे, छत्तिसावा काढतो, म्हणाले. मी म्हटलं, या वर्षी रोल मी नेला होता, तेव्हा आज तुम्ही उभे राहा. ते संकोचले, शर्टाची कॉलर नीट केली आणि हात वर केला. "थांब. उजेड ये..." माझी लेक खाली क्लाससाठी खोळंबली होती. मी बटण दाबून टाकलं.

रोल धुणारे एक म्हातारे चिनी अंकल आहेत, गेली कित्येक वर्षं काकांचेच रोल धुणारे. त्यांनी पट्टी काचेवर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "एक्स-रे लागला लाह. हँड-चेक नाही मागितला?" पस्तीस फोटोंवर नुसतं राखाडी दाट धुकं. कुठे पुलाची कमान असावी, कुठे झाडाचं खोड. छत्तिसावा तेवढा कॉरिडॉरच्या कडक उजेडामुळे बऱ्यापैकी उमटला होता.

घरी येईपर्यंत मी तीन थापा तयार केल्या. रोल नीट बसलाच नव्हता, अंकलकडून चूक झाली, तिथे आठवडाभर धुकं होतं. काकांनी पाकीट उघडलं आणि निगेटिव्हची पट्टी खिडकीसमोर धरली. बराच वेळ ते एका ठिकाणी बघत होते. मग बोटाने दाखवलं. धुक्यातून एक गोल कड गेली होती, स्वच्छ, कंपासने काढल्यासारखी.

"डब्यात ठेवलास?"

मी मान डोलावली. माझ्या तिन्ही थापा तोंडातच राहिल्या. काका हसायला लागले. इतके हसले, की काकू पाणी घेऊन धावत आल्या. मला मात्र हसता येईना. त्यांचा शेवटचा वसंत मी चिवड्याच्या डब्यात घालून आणला होता.

हसू ओसरल्यावर ते उठले, वही आणली, चष्मा बदलला आणि माझ्यासमोर बसले.

"सांग आता. पहिल्यात काय होतं?"

त्या संध्याकाळी आमचे पाच फोटो झाले. दुसऱ्या दिवशी चार. ऑफिसमधून आले की मी आधी त्यांच्याकडे जायची. मी सांगायची आणि ते लिहायचे. तिसाव्यात होडीवरची बाई वर्तमानपत्र झटकून बिया पाण्यात टाकत होती. चौदाव्यात एक बगळा गाडीच्या टपावर उभा होता. पाण्याचा रंग कसा होता, ते विचारायचे. चहासारखा, दूध घालायच्या आधीच्या. तो पिवळा पडदा? आता पडदाच नाही, खिडकीत मांजर आहे. यावर काका पेन खाली ठेवून म्हणाले, "मांजर." बारावा मला काही केल्या आठवला नाही. त्यांनी तसंच लिहिलं: "१२. आठवत नाही."

मी कधीच काही इतकं बघितलं नव्हतं, आणि कोणी माझं इतकं ऐकलंही नव्हतं. आठवड्याने पस्तीस पुरे झाले.

"छत्तिसाव्यात तुम्ही आहात," मी म्हटलं.

"तो मी नंतर लिहीन," ते म्हणाले.

ऑगस्टमध्ये काका गेले. दुपारी जेवून पडले होते, ते उठलेच नाहीत. काकूंनी घर विकलं आणि पुण्याला लेकीकडे गेल्या. जायच्या सकाळी त्यांनी वही माझ्या हातात दिली. म्हणाल्या, मला यातलं काही कळत नाही, तूच ठेव.

त्यांच्या दाराबाहेर आता दुसऱ्या कोणाचे बूट असतात. फ्रिजवर सात छत्तिसावे आहेत. सातव्यात काका आहेत, कडेकडेने धुकट, उजवा हात खांद्याइतका वर, पंजा माझ्याकडे. त्यांचे स्वतःचे फोटो कुठेच नाहीत. काकूंनीही भिंतीवर लावायला हाच मागून घेतला, मोठा करून.

वही मी त्या दिवशी लिफ्टपाशी उभी राहूनच उघडली होती. शेवटच्या पानावर त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं:

"३६. बिशान, कॉरिडॉर, सकाळी सव्वानऊ. पोरगी थांबली नाही. पण उजेड आला होता."