तापीत बोट

मला पोहता येत नाही, म्हणून मी बोट घेतली.

हे कारण बँकेत सगळ्यांना पटलं. घरी पटलं नाही. "अहो, पोहता न येणारा माणूस पाण्यापासून लांब राहतो!" सुलभा म्हणाली. (सुलभा माझी बायको. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे घरात उत्तर बरोबर आलं तरी रीत तपासते.) खरं कारण मी तिला सांगितलंच नव्हतं. खरं कारण होतं आबा.

आबा म्हणजे माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर. चोपड्याकडच्या तापीकाठच्या गावातून सुरतेला आले, उधन्याला पस्तीस वर्षं लूम चालवले, आणि एवढ्या वर्षांत मला एकदाही शाब्बास म्हणाले नाहीत. मी बँकेत लागलो. आबा म्हणाले, "हं." अडाजणला फ्लॅट घेतला. "हं." सुलभासारखी बायको आणली, तेव्हा मात्र ते बरंच बोलले, पण तिच्याशी! पन्नाशी जवळ आली तसा माझा जीव त्या एका शाब्बासकीसाठी अगदी आसुसला. आणि आबा रोज संध्याकाळी पुलावर उभे राहून पाण्याकडे बघत त्यांच्या अहिराणीत म्हणायचे, "हाई आमनीच तापी शे. गावमा मी नाव चालाडू." मी ठरवलं, आबांना तापीत फिरवायचं. स्वतःच्या बोटीतून!

एका हिऱ्याच्या दलालाकडे जुनी फायबरची बोट होती. चौघांपुरती, दोन वल्ही, शिवाय एक मोटर, जी दोनदा खोकून गप्प बसायची. व्यवहार झाला, चहा झाला. निघताना त्याने एक पिशवी हातात दिली आणि म्हणाला, "बधुं टनाटन छे. बस, बूच मारवानुं भूलता नहीं!"

आता मी कर्जवसुलीच्या खात्यात. तिथे मी दिवसातून वीसदा ऐकतो की अमक्या पार्टीने बूच मारलं, म्हणजे पैसे बुडवून पळाली. सुरतेत बूच मारणं म्हणजे टोपी घालणं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक! मला वाटलं, हा मला धंदा शिकवतोय. उद्या बोट विकशील तेव्हा पुढच्याला फसवायला विसरू नकोस, असं काहीतरी. माझा मराठी बाणा जागा झाला. छाती काढून मी म्हणालो, "शेठ, बूच तो अमे कोई दिवस नहीं मारीए!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "तो डूबशो, भाई."

"डूबशुं, पण इमानदारीथी!" मी म्हणालो. (हे वाक्य मी पुढे आठवडाभर बँकेत सांगत होतो.)

पुढचे दोन महिने बोट सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती. तिला ताडपत्री घेतली, ट्रेलरला टायर घेतले, मोटर दोनदा दुरुस्त करून आणली. एवढं करून ती पूर्वीसारखीच दोनदा खोकायची! सेक्रेटरी रोज विचारायचे, "आ होडी छे के हाथी?" बोटीचा खरा उपयोग झाला तो सुलभाला. ताणून बांधलेल्या ताडपत्रीवर तिने त्या वर्षी ज्वारीचे बिबडे वाळवले.

शेवटी एका रविवारी सकाळी आम्ही बोट कामरेजच्या पुढे एका गावच्या उतारावर नेली. आबा धुतलेलं धोतर, पांढरी टोपी घालून नवरदेवासारखे आले. लाईफ जॅकेट प्रत्येकी एक, मला दोन. मोटर खोकून गप्प बसली, तेव्हा मी वल्ही घेतली. पाऊण तासात आम्ही नदीच्या मध्याकडे पोचलो. त्यातला अर्धा तास आम्ही जागच्या जागी गोल फिरत होतो.

आबांनी वाकून ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं. बराच वेळ काठाकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगतो, माझेही आले. मग त्यांनी तोंड उघडलं. मी वल्ही सोडून पुढे झुकलो. एकोणपन्नास वर्षांनी!

आबा म्हणाले, "मना पाय वल्ला व्हयना रे."

मी खाली पाहिलं. माझेही दोन्ही पाय घोट्यापर्यंत ओले होते.

"पाणी!" सुलभा ओरडली. "मागून येतंय! तिथे भोक आहे!"

"ते कंपनीनेच ठेवलंय," मी म्हणालो. "पावसाचं पाणी बाहेर जायला."

"मग आत का येतंय? त्याला बूच नाही का?"

मला दलालाचा चेहरा आठवला. ज्या माणसाला मी प्रामाणिकपणा शिकवून आलो होतो, तो!

"त्यानं पिशवीत दिलं असेल बघा! रबरी असतं!" सुलभा म्हणाली.

"ते होय? ते मी आपल्या बेसिनला लावलं," मी म्हणालो. "छान बसलंय."

सुलभाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती ती नापास मुलांच्या पालकांसाठी राखून ठेवते. पाणी वर चढत होतं. "अहो, बघताय काय? बोट घाला!"

"कुठे घालू? पाण्यातच आहे की!"

"हाताचं! हाताचं बोट घाला त्या भोकात!"

बोट सैल पडत होतं. रुमाल गुंडाळून घातलं, तर असं घट्ट बसलं की पाणी थांबलं. मात्र त्यासाठी मला बोटीच्या तळाशी पालथं पडावं लागलं. दोन जॅकेटांमुळे पोट टेकेना, नाक मात्र पाण्याला टेकत होतं. वर सुलभा डब्याने पाणी उपसत होती. त्यातलं निम्मं माझ्या पाठीवर पडत होतं. (चुकून, असं ती अजून म्हणते.)

आणि वल्ही? वल्ही आबांनी घेतली! धोतराचा काचा मारला आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो माणूस काय सुटला! मला फक्त त्यांचे तळपाय दिसत होते, पण हसणं ऐकू येत होतं. आबांना एवढं मोठ्याने हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"आबा, दमलात का?" सुलभाने विचारलं.

"काब्रं दमसू? हाई तर मज्या शे!"

काठावर पोचलो. माझं बोट सुजून भोकातच अडकलं होतं. ते दोघा कोळ्यांनी साबण लावून काढलं. मी ओल्या अंगाने दगडावर बसलो. आबांनी लगेच गावी काकांना फोन लावला. आबा फोनवर बोलतात तेव्हा खरं तर फोनची गरज नसते, त्यामुळे उतारावरच्या सगळ्यांनी ऐकलं:

"बुडनूत नहीत रे! नाव मी चालाडी! पन मना पोर्‍या! काठ येसपावत त्यानं बोट काढं नही! शाब्बास शे त्याले!"

काठ येईपर्यंत बोट काढलं नाही, म्हणून शाब्बास! मिळाली. एकदाची शाब्बासकी मिळाली! मी सुजलेलं बोट डोळ्यांसमोर धरून कितीतरी वेळ बघत बसलो. नोकरीने नाही, फ्लॅटने नाही, शेवटी ती या एका बोटाने मिळवून दिली. आणि हे बोट तर माझ्याकडे जन्मापासूनच होतं. मी उगाच दुसरी विकत आणली!