डोमाजीच्या बोटाची चिंधी

भरवेलीहून सायकलवर आलेला माणूस शाळेच्या दारातच थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, डोमाजी गेले." मी विचारलं, "कुठे?" दीड महिना झाला, तरी त्या प्रश्नाची लाज वाटते. खोकल्याने पार पिंजून काढलेला माणूस, जाणार कुठे!

डोमाजी मँगनीजच्या खाणीत कामाला, लाल बावट्याचा. आम्ही दोघांनी एकाच साली धम्माची दीक्षा घेतली, मग मी मास्तर झालो नि तो वस्तीचा पुढारी. एका गोष्टीवर मात्र आमचं जन्मभर पटलं नाही. मी म्हणायचो, आपल्या बापजाद्यांना कोणी दारात उभं केलं नाही, आपल्याला मत मिळालं, ते वाया घालवू नये. तो म्हणायचा, "मास्तर, राजा बदलते, खाण नाही बदलत. मत देल्लं का आपून ह्या समद्याले कबूल झालो." एकदा पेपरात वाचलेलं मी त्याला सांगितलं, की अमेरिकेतल्या डाव्यांमध्येही हेच भांडण आहे, कोणी म्हणतात गावच्या निवडणुकीत मत द्यावं, देशाच्या नको. तो खो खो हसला. "म्हंजे तिथल्याइलेही समजून नाही राह्यलं! मंग मलेच काहून तरास देता?" त्या दिवशी कोण जिंकलं, मला आजही सांगता येत नाही.

दिल्लीच्या लोकसभेची निवडणूक आली तेव्हा त्याच्या शब्दावर अख्खी वस्ती घरी बसली. पुढं ग्रामपंचायतीची आली, आणि उभी राहिली कोण? त्याचीच बायको, सुगंधाबाई! वस्तीत पाणी नव्हतं, बाया अर्ध्या कोसावरून पाण्याने भरलेल्या गुंड्या डोक्यावर वाहायच्या. तिला विहीर हवी होती. ती दारोदार फिरली. लोक हात जोडायचे, "बाई, डोमाजीनंच सांगतलं मत देऊ नोका. त्याचा शब्द कसा मोडाव?" आणि डोमाजी ओट्यावर बिडी ओढत बसलेला… एक शब्द बोलला असता तर! पण कालपर्यंत शिकवलेलं आज फिरवायला त्याची जीभ उचलेना. मी चिडून दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

मतदानाला शाई लावायची ड्युटी माझीच होती. वेळ संपत आली, खोलीत दुसरं कोणी गावचं नव्हतं, तेव्हा डोमाजी आत आला. डाव्या हाताचं बोट पुढे केलं. मी शाई लावली. मत टाकून बाहेर पडताना त्याने खिशातून चिंधी काढून बोटाला गुंडाळली. "मास्तर, कोणाले सांगू नोका." सुगंधाबाई हरली. बोट दगडाखाली आलं, असं तो कित्येक दिवस सांगत होता. शाई गेल्यावर चिंधी सायकलच्या हँडलाला बांधली, ती कधी सोडली नाही. मी सगळं पोटात ठेवलं. ते बरोबर केलं का… कोण जाणे.

परवा सुगंधाबाईला भेटायला गेलो, तेव्हा वाटलं, निदान एवढं तरी हिला कळावं. "वहिनी," मी म्हणालो, "डोमाजीनं तेव्हा मत दिलं होतं. मीच शाई लावली."

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"मले माहीत हाय, भाऊजी. चिंधी माह्याच लुगड्याची होती, मीच धुवत होती. रगत नोतं, शाई होती."

"मग कधी विचारलं नाही?"

"काय विचारू? ते उघडं बोट घेऊन एक डाव वस्तीतून चालले असते, तं समदे मागं आले असते. अन् मत कोणाले देल्लं, हे शाईवर थोडीच लिव्हलं असते!"

त्याने मत तिलाच दिलं का, ही शंका इतक्या वर्षांत मला कधी शिवली नव्हती. तिने सूप बाजूला ठेवलं, त्याच लुगड्याच्या उरल्या तुकड्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, आणि गुंडी घेऊन पाण्याला निघाली. अर्धा कोस जायचं, अर्धा कोस यायचं. ती येईपर्यंत मी ओट्यावर बसून होतो. समोर भिंतीला टेकलेली डोमाजीची सायकल, आणि हँडलाला ती चिंधी. सोडून पाहावी असं दोनदा वाटलं. हात लावला नाही.