काकांचा रूळ आणि लेकीची नळी

वस्तू आपोआप घरपोच होऊ लागली की माणसाचं वाटोळं झालंच म्हणून समजा, असं मनापासून मानणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो आमच्या चिखला गावात नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. शेजारचे काका जन्मभर खाणीतल्या मॅंगनीजच्या ट्रॉल्यांवर होते. आता निवृत्त आहेत, एकटे आहेत आणि दिवसभर कॉम्प्युटरवर खेळतात. भाजीची वाटी ते कधी कंपाउंडवरून देत नाहीत. पुढच्या दाराने निघून, कुलूप लावून, माझ्या दारात येऊन बेल वाजवतात. 'भिंतीवरून वाटी देल्ली का माणूस बसत नाही, बाई,' म्हणतात आणि बसतात. चहा होईस्तोवर बसतात, चहा झाल्यावरही बसतात. जाताना वाटीत काहीतरी घालून द्यावंच लागतं, कारण रिकामी वाटी परत देणं त्यांच्या लेखी पापच.

हा खेळ त्यांना पुण्याच्या लेकीने लावून दिला. ठोकळ्याठोकळ्यांचं जग, त्यात खणायचं आणि बांधायचं. डोंगरात काकांची खाण, पार समुद्राकाठी लेकीचं घर आणि मधे काकांनी स्वतः टाकलेला रूळ. ऑफिस सुटलं की खेळातली लेक त्या रुळावरून गाडी घेऊन लोखंड न्यायला यायची आणि खेळातले काका खाणीजवळच्या स्टेशनात उभे असायचे. फोनवर गप्पा मारत दोघं माल भरायचे. मग लेकीने खेळात एक मॉड घातला, म्हणजे कोणीतरी बाहेरून केलेली जास्तीची करामत. तिच्यात नळ्या होत्या. इकडे टाकलं की क्षणात तिकडे. 'बाबा, आता मले यायचं कामच नाही,' ती खुशीत म्हणाली. काकांचा चेहरा उतरला.

'बॅलन्स बिघडला,' असं जाहीर करून काका मॉडमधले आकडे बदलायला शिकले. आधी नळीचा वेग उतरवला. मग जड माल नळीत अडकू लागला. मग नळी झिजू लागली, आणि दुरुस्तीला इतकं तांबं लागू लागलं की नळीतून नळीच्याच दुरुस्तीचं तांबं तेवढं जायचं. मी म्हटलं, 'काका, हे काय चाललंय?'

'बॅलन्स करून राहिलो, बाई. नळी अशी फुकटात चालली तर रुळावर कोण येईन?'

रुळावर कोणी आलं नाही. 'बाबा, हा खेळ आहे का ड्युटी?' लेक वैतागली, आणि तिने खेळणंच सोडलं. काका हादरले. त्यांनी सगळे आकडे होते तसे केले, वर नळीचा वेग आणखी वाढवून ठेवला. रूळ मात्र उखडला नाही.

आता संध्याकाळी काकांच्या कॉम्प्युटरवर ती रुळावरची गाडी मी चालवते. माझी तरी घरी कोण वाट पाहतंय? दोनदा नदीत घातली, काका रागावले नाहीत. त्यांच्याकडून रिकामी गाडी परत जात नाही, म्हणून ते तिच्यात भाजलेले बटाटे घालतात. 'हे पोरीच्या दारात ठेवजा, बाई. नळीत नोका टाकू. कोणी येऊन गेलं, असं दिसलं पायजे तिले.'

मी समुद्रापर्यंत जाते. लेकीच्या दाराशी एक पेटी आहे, तिच्यात बटाटे ठेवते. कालचे तिथेच असतात, परवाचेही.

'ठेवले का?' काका विचारतात.

'ठेवले,' मी म्हणते. पेटी भरत आली आहे, हे सांगायचं रोज राहून जातं.