सतरा सकाळी

डॉक्टर सेर्व्हियो कार्रियोन यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस आमच्या हॉस्पिटलात सापडणार नाही. मी बोलणार आहे, पण त्यात निम्मं माझ्याबद्दल आहे, हे आधीच सांगून ठेवते.

एकोणीस वर्षं मी त्यांच्या कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. फाइल उघडायच्या आधी ते पेशंटच्या कॉफीची, गाईची, भांडकुदळ सुनेची चौकशी करतात. स्टेथोस्कोप तळहातात धरून ऊबदार करतात आणि मगच छातीला लावतात. केमो चालू असताना कोणाला उलटी आली तर आमची वाट न बघता स्वतः भांडं धरतात. डोंगरातली माणसं त्यांना ताजं चीज आणतात, अंडी आणतात. एकाने तर जिवंत कोंबडा आणला, तो दिवसभर एक्स-रेच्या खोलीत आरवत होता.

पण करण्यासारखं काही उरलं नाही, की पेशंटला वॉर्डाच्या टोकाच्या खोलीत हलवतात, आणि त्या खोलीत डॉक्टर पाऊल टाकत नाहीत. मॉर्फिनचा डोस आमच्या टेबलापाशी उभ्या उभ्या लिहून देतात. त्यात कधी चूक नाही. फक्त स्वतः जात नाहीत. त्या दारावरून जायला नको म्हणून मागच्या जिन्याने उतरतात. नातेवाइकांनी विचारलं तर आम्ही सांगतो, डॉक्टर मीटिंगमध्ये आहेत. हे मी इतक्या वेळा सांगितलं होतं की ते खोटं आहे हेही विसरले होते.

बाल्बिना सारांगो, आम्ही मानाने डोन्या बाल्बिना म्हणायचो, कातामायो गावाच्या पलीकडच्या डोंगरातली. पोटाचा कॅन्सर घेऊन आली आणि डॉक्टरांच्या उपचारांवर दोन वर्षं चांगली राहिली. त्या आनंदात तिच्या मुलीने, मेल्वाने, आपल्या बाळाच्या बाप्तिस्म्याला डॉक्टरांना धर्मपिता केलं. आमच्याकडे हे नातं रक्ताच्या तोडीचं. धर्मपिता झालेला माणूस घरादाराचा कोंपाद्रे होतो. त्याने आजारपणात यायचं, मरणात यायचं, त्यातून सुटका नाही. बाप्तिस्म्याच्या जेवणात आमच्याकडचं मेजवानीचं भाजलेलं गिनीपिग डॉक्टरांनी बोटं चाटत खाल्लं, बाल्बिनाबरोबर नाचलेसुद्धा. मी होते तिथे.

पुढे आजार उलटला, यकृतात गेला. रिपोर्ट बघून डॉक्टर तिला म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू. दुसऱ्या दिवशी तिला टोकाच्या खोलीत हलवलं.

सतरा दिवस ती तिथे होती. पहिले चार दिवस सकाळीच केस विंचरून बसायची आणि मी औषध घेऊन गेले की विचारायची, कोंपाद्रे आले का. पाचव्या दिवशी मी पुन्हा मीटिंगचं सांगितलं तेव्हा हसली.

"बाई गं, केवढ्या या मीटिंगा," म्हणाली. "एवढ्यात देश चालवून झाला असता."

त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आज सांगताना लाज वाटते, पण वाटलं खरं.

एका मंगळवारी दुपारी ती झोपेतच गेली.

नऊ दिवसांच्या प्रार्थना आटोपल्यावर मेल्वा आली ती थेट डॉक्टरांच्या खोलीत. मी फाइली लावत होते. ती काळ्या कपड्यांत होती, चेहरा मात्र शांत होता. तिने डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"कोंपाद्रे, आई भ्यायली नाही," ती म्हणाली. "ते तुमच्यामुळे."

आणि मग तिने सांगितलं. डॉक्टर रोज सकाळी सातला येतात, असं बाल्बिनाने दुपारी भेटायला येणाऱ्या घरच्या सगळ्यांना सांगितलं होतं. येतात, पलंगापाशी बसतात, हात धरतात. नातवाला दात किती आले विचारतात. त्रास होणार नाही, नुसती झोप लागेल, भिऊ नकोस, हेही म्हणे त्यांनीच सांगितलं. कोंपाद्रे असावा तर असा, असं गावातल्या बायका म्हणत होत्या. माझे कान तापले. डॉक्टर टेबलाकडे बघत होते.

मेल्वाला एकच हवं होतं. आई घरच्यांशी शेवटी फार बोलली नव्हती. कोंपाद्रेंपाशी मन मोकळं झालंय, एवढंच म्हणायची.

"काय बोलली ते सांगा," मेल्वा म्हणाली. "बाबांनी मुद्दाम पाठवलंय. माझं नाव काढलं का तिनं, एवढं विचारून ये म्हणाले."

मला सवयच. मी तोंड उघडलं, "हो तर, डॉक्टर रोज..."

"निएवेस, गप्प बस," डॉक्टर म्हणाले. एकोणीस वर्षांत ते माझ्याशी असं बोलले नव्हते. मग मेल्वाकडे न बघता म्हणाले, "मी गेलो नाही. एकही दिवस नाही."

मेल्वाने हात काढून घेतला. का, म्हणून तिने विचारलं.

"बघवलं नसतं मला."

"तुम्हाला बघवलं नसतं," मेल्वा म्हणाली. "आणि तिनं ते एकटीनं सोसलं."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे वळली.

"मग भिऊ नकोस असं तिला कोणी सांगितलं? तुम्ही?"

मी त्या खोलीत रोज चारदा जात होते. सलाइन बघत होते, चादर बदलत होते, कूस वळवून देत होते. सतरा दिवसांत तिच्यापाशी एकदाही बसले नव्हते. मी दुसऱ्याच्या न येण्याची कारणं सांगत राहिले आणि स्वतःला भली समजत राहिले.

"कोणीच नाही," मी म्हणाले. "तिचं तिनंच स्वतःला सांगितलं असणार."

मेल्वा खुर्चीवर टेकली. बाहेर पेशंटची रांग वाढत होती, कोणीतरी दार वाजवलं, डॉक्टर उठले नाहीत.

"बाबा ओट्यावर बसून असतील," मेल्वा शेवटी म्हणाली. "त्यांना काय सांगू, ते तरी सांगा. दोघांपैकी कोणीही."

त्यांना द्यायला बाल्बिनाचा एक शब्दसुद्धा आमच्यापाशी नव्हता.