पालथा तांब्या

आमच्या गावात कुणालाही विचारा, दैवशालाआक्का कोण, तर सांगेल, किल्ल्यांची बाई. पालमकडून येणारी एसटी गावात शिरते तिथंच तिचं पत्र्याचं घर. दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला लांबच्या कारखान्यांवर जातं, ते थेट उन्हाळ्यातच परततं. जाताना घराची किल्ली आक्काच्या हातात द्यायची. तिला अक्षरओळख नाही, म्हणून प्रत्येक किल्लीला त्या घरातल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. चाळीस किल्ल्या, चाळीस चिंध्या, पण ती एकदाही चुकली नाही.

तीही पूर्वी कोयता घेऊन जायची. एका वर्षी उसानं भरलेल्या ट्रॉलीवरून पडली, खुबा मोडला आणि पाय कायमचा अधू झाला. नवरा आधीच वारलेला. तेव्हा ग्रामपंचायतीनं तिला वस्तीवर राखणदार नेमलं, महिना तीन हजार मानधनावर. बंद घरांची कुलपं बघायची आणि मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांची खबरबात घ्यायची, एवढं काम.

म्हाताऱ्यांसाठी तिनं एक रीत घालून दिली होती. सकाळी उठलं की ओट्यावर तांब्या पालथा ठेवायचा. आक्का काठी टेकत यायची, हाक मारायची, आतून ओ आली की तांब्या सुलटा करायची आणि पुढच्या घरी जायची. तांब्या बाहेर नसला तर विचारपूस न करता सरळ आत. पायामुळं वेळ लागायचा, पण दहाच्या आत वस्तीतले सगळे तांबे सुलटे झालेले असायचे.

आता माझं सांगतो. मी बन्सीधर. गावात माझं किराणा दुकान आहे आणि मी पंचायतीचा मेंबरही आहे. गेल्या वर्षी गावात कॅमेरे बसवायची टूम निघाली. निधी होता तेवढाच. कुणीतरी म्हणालं, "तांबे उलटेसुलटे करायला महिना तीन हजार?" सगळे हसले. मीही हसलो. तिचं मानधन बंद करायला हात वर करायची वेळ आली तेव्हा माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय म्हणू?

आक्का भांडली नाही. किल्ल्यांचा घोस पंचायतीत आणून ठेवला आणि दसऱ्यानंतर टोळीबरोबर निघाली. तोडायला नाही, टोळीतली लेकरं सांभाळायला. जायच्या दिवशी माझ्या दुकानात चहापत्ती घ्यायला आली.

मी म्हणालो, "आक्का, अशा पायानं जाता?"

"पोट काय पायाला इचारून भुकेजतंय का, भाऊ?" पिशवी उचलली आणि परत वळली. "त्रिवेणीमायकडं ध्यान असू द्या. आता तांब्या ठिवू नको म्हनून तिला लय सांगितलंय. पन ती ऐकायची न्हाई."

त्रिवेणीमाय माझ्या दूध आणायच्या वाटेवर राहायची. ऐंशीच्या पुढची, एकटी. मुलगा आदिनाथ बायकोला घेऊन आक्काच्याच टोळीबरोबर कारखान्यावर गेलेला. तिनं खरंच ऐकलं नाही. रोज तांब्या पालथा ठेवायची, दिवसभर वाट बघायची आणि दिवेलागणीला आपणच तो आत न्यायची. मी रोज सकाळी किटली घेऊन तिथून जायचो. तांब्या दिसला की मनात म्हणायचो, चला, म्हातारी ठणठणीत आहे. आक्काचं काम फुकटात होतंय म्हणून मला बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पौषातल्या एका सोमवारी त्या तांब्यावर कोंबडीची घाण वाळलेली दिसली. मी थांबलो. हाक मारली. ओ आली नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. माय चुलीपाशी पडली होती, एक हात दाराकडं लांबवलेला. डॉक्टर म्हणाले, पडल्याबरोबर जीव गेला नसावा. बराच वेळ ती जागी असेल.

पोलिसांनी कॅमेरा बघितला. त्यात तिचा ओटा स्वच्छ दिसत होता. शुक्रवारी उजाडताना ती तांब्या ठेवून आत गेली, ती परत बाहेर आलीच नाही. त्यानंतर त्या ओट्यापाशी एकच माणूस पुन्हा पुन्हा दिसतो, हातात किटली घेतलेला. शुक्रवारी, शनिवारी, रविवारी. दर वेळी मान वळवून तांब्याकडं बघतो आणि निघून जातो. स्वतःला असं जाताना बघितलं आणि पोलिसांसमोरच मला रडू फुटलं.

निरोप मिळताच आदिनाथ आला, त्याच्याबरोबर आक्काही आली. माती झाली, माणसं पांगली. ओट्यावरचा तांब्या तसाच पालथा होता. त्याला हात लावायची कुणाचीच हिंमत झाली नव्हती.

"आक्का, चुकलं आमचं," मी म्हणालो. "मानधन परत सुरू करू. ठराव मीच मांडतो."

"मांडा. पैसे पायजेतच मला. मी काय देवमानूस न्हाई, पैशासाठीच फिरत होते. पैसे बंद झाले, मी गेले." काठी बाजूला ठेवून ती ओट्यावर टेकली. "पन भाऊ, तुमी तर रोज फुकटच जायचात इथून. एक हाक मारायला काय लागत होतं?"



तिनं तांब्या पदरानं पुसला, सुलटा केला आणि सवयीनं दाराकडं तोंड करून हाक मारली, "माय, हायेस का गं?" ओ आल्याशिवाय पुढं जायचं नाही ही तिची रीत. ती तिथंच थांबली.